रक्तष्ठीवन : नामकरणाची घाई आणि तपासणीची दिरंगाई

दिवाळी सरली, की परभणी जिल्ह्यातील वैद्याच्या दवाखान्याचा आवाज बदलतो. पहाटेचा गारठा, तुरीच्या शेतावरील दव, जिनिंगमध्ये उडणारे कापसाचे तंतू आणि चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्यांचा धूर या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणजे बाकावर बसलेल्या दहा रुग्णांपैकी निम्मे खोकत असतात. आपण त्यांना ओळखतो, त्यांच्या वडिलांना ओळखत होतो. अशा गर्दीत एखादा रुग्ण खिशातून घडी केलेला रुमाल काढतो, इकडे तिकडे पाहून तो उलगडतो आणि हळूच विचारतो, "वैद्यबुवा, हे काय असंल?" रुमालावर लाल डाग असतो.

त्या क्षणी आपण काय करतो, एवढ्याच एका प्रश्नाविषयी प्रस्तुत लेखकास आपल्या व्यवसायबंधूंशी आणि औषधी दुकानदारांशी बोलावयाचे आहे. बहुधा आपण त्या डागाला तत्काळ एक नाव देतो. अवजड काम करणारा असेल तर क्षतज कास, पित्तप्रकृतीचा असेल तर ऊर्ध्वग रक्तपित्त. नाव सापडले की कल्पही सापडतो. वासावलेह, लाक्षाचूर्ण, सितोपलादि यांची पुडी बांधली जाते आणि तपासणी मागे राहते. माझे स्पष्ट मत असे आहे, की खोकल्यातील रक्त हे व्याधीचे नाव नसून व्याधीने आपल्याला विचारलेला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी दिलेले स्तंभन औषध पुष्कळदा रुग्णाचा घात करते.

हे मी दुसऱ्यांच्या चुका पाहून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मानवत भागातील जिनिंगमध्ये काम करणारा चौतिशीतील एक गृहस्थ माझ्याकडे आला. तीन आठवड्यांचा खोकला, छातीत टोचल्यासारखी वेदना, बेडक्यात रक्ताच्या रेषा. ओझे उचलण्याचे काम, धुळीत वावर, अवेळी जेवण. क्षतज कासाचे हेतू जणू ग्रंथातून उतरवून घेतल्याप्रमाणे त्याच्यात होते. मी निदान केले, औषध दिले आणि चौथ्या दिवशी रक्त बंद झाले. तो खूश, मी त्याहून खूश. पुढे पाच आठवडे त्याच औषधांवर तो राहिला. खोकला 'थोडा आहे', ताप 'कधी कधी संध्याकाळी' असे तो सांगे व मी ते ऐकून घेई. सहाव्या आठवड्यात त्याची पत्नी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या मानेवर गाठी होत्या. त्या गाठींना हात लावला तेव्हा माझ्या बोटांना जे कळले, ते पाच आठवड्यांपूर्वी बापाचा बेडका तपासणीस पाठविला असता तर प्रयोगशाळेने दोन दिवसांत सांगितले असते.

मुलीला संसर्ग माझ्या त्या पाच आठवड्यांतच झाला असे म्हणता येणार नाही. कदाचित तो आधीच झाला असेल. परंतु तो त्या काळात झाला नाही असेही मला म्हणता येत नाही. बापाचा बेडका क्षयजंतूंनी युक्त निघाला. दोघांनीही शासकीय उपचार पूर्ण केले व दोघेही बरे आहेत. माझ्या वहीत मात्र त्या रुग्णाच्या नावापुढे 'क्षतज कास, उपशय' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.

रक्त थांबले म्हणून मी फसलो. फुप्फुसातील लहानसहान रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो. औषध दिले तरी थांबतो, नाही दिले तरी थांबतो. उपशयावरून निदान करण्याची आपली पद्धती मोठी आहे, पण जे लक्षण स्वभावतःच येते आणि जाते, त्याच्या जाण्याला उपशय मानणे ही तर्काची चूक आहे. त्यास शास्त्राचा दोष म्हणता येणार नाही.

शास्त्र काय सांगते तेही नीट पाहावे. चरकांनी चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात कासाचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांतील शेवटच्या दोघांत, म्हणजे क्षतज व क्षयज कासात, रक्ताचा उल्लेख केला. क्षतजात आधी शुष्क कास, मग सरक्त ष्ठीवन. क्षयजात दुर्गंधी, हिरवट, पुवासारखे आणि रक्तमिश्रित ष्ठीवन. आठव्या अध्यायात राजयक्ष्म्याच्या चार हेतूंत साहस हा एक हेतू आहे, आणि क्षतज कासाचे हेतू तरी साहसाहून वेगळे कोठे आहेत? सुश्रुतांनी यक्ष्म्याची जी सहा रूपे मोजली, त्यांत कास आणि शोणितदर्शन ही दोन्ही शेजारी आहेत. तात्पर्य, क्षतज कास, क्षयज कास, राजयक्ष्मा आणि क्षतक्षीण ही चार कुंपणे घातलेली वेगवेगळी शेते नाहीत. त्यांचे बांध एकमेकांना लागून आहेत व रुग्ण एका शेतातून दुसऱ्यात केव्हा गेला हे त्यालाही कळत नाही. म्हणून 'हा क्षतज आहे, यक्ष्मा नव्हे' असे केवळ ओझ्याच्या इतिहासावरून म्हणणे ग्रंथालाही धरून नाही.

त्याच अध्यायात साध्यासाध्यतेचा जो विचार आहे, त्याकडे आपले लक्ष फार कमी जाते. दुर्बल रुग्णाच्या बाबतीत हे दोन्ही कास प्राण घेणारे ठरतात. मात्र ते नवीन असतील आणि वैद्य, औषध, परिचारक, रुग्ण हे चारही पाद गुणसंपन्न असतील तर क्वचित साध्य होतात, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. येथे 'नवीन' या शब्दावर सगळा भार आहे. जो व्याधी नवा असतानाच साध्य, त्यात पाच आठवडे घालविणे म्हणजे साध्याला आपल्या हाताने असाध्याकडे ढकलणे होय. त्वरित तपासणीचा आग्रह हा पाश्चात्त्य वैद्यकाकडून उसना घेतलेला नाही.

आता प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळू. पहिला प्रश्न असा, की रुमालावरचे ते लाल खरोखर रक्त आहे काय, आणि असल्यास छातीतून आले आहे काय? हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु आपल्याकडे पान, गुटखा आणि मिश्रीने रंगलेली तोंडे कमी नाहीत. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तो कोठे मिळतो हे येथे लिहिण्याची गरज नाही. लाल थुंकीला घाबरून आलेला तरुण आणि खऱ्या रक्ताला 'पानाचा रंग असेल' म्हणून दोन महिने दुर्लक्षिणारा प्रौढ, असे दोन्ही मी पाहिले आहेत. साध्या पाण्याने चूळ भरावयास लावून, हिरड्या व दात पाहून, मग समोर खोकावयास सांगावे. रिफाम्पिसिन घेणाऱ्या रुग्णाची लघवी, घाम आणि थुंकीही नारिंगी होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. असा रुग्ण 'सगळीकडून रक्त जातंय' म्हणून धावत येतो आणि उभयमार्गी रक्तपित्त समजून आपण त्याचे चालू औषध बंद करावयास सांगितले तर केवढा अनर्थ होईल!

नाकातून येणारे रक्त रात्री झोपेत मागे घशात उतरते व सकाळी खोकल्याबरोबर पडते. घसा काडीने दाबून मागची भिंत पाहिल्यास ते ओघळलेले दिसते. आमाशयातून येणारे रक्त काळपट, कॉफीच्या गाळासारखे, अन्नमिश्रित व आंबट असते. त्यापूर्वी मळमळ होते, नंतर एकदोन दिवस मल डांबरासारखा काळा होतो. मद्यपानाचा आणि सांधेदुखीच्या गोळ्यांचा इतिहास तेथे अवश्य विचारावा. छातीतील रक्त उजळ लाल, फेसाळ व बेडक्यात मिसळलेले असते, त्याच्या आधी घशात गुदगुली होऊन खोकला येतो, आणि पहिला जोर ओसरल्यावरही काही दिवस बेडका रक्ताळलेला राहतो. ऊर्ध्वग रक्तपित्त या एकाच संज्ञेखाली आपण नाक, मुख, आमाशय आणि फुप्फुस यांना एकत्र बसवितो. चिकित्सासूत्रासाठी ते सोयीचे असेल, परंतु अधिष्ठान कोणते हे न ठरविता पुढे जाणे रुग्णाच्या हिताचे नाही.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. रेषा, चमचा, की वाटी? घरचे लोक घाबरलेले असल्याने प्रमाण फुगवून सांगतात. काही जण उलट लपवितात. चोवीस तासांत वाटीभर, म्हणजे सुमारे 100 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त पडले असेल, अथवा प्रमाण कमी असूनही श्वास लागत असेल, तर तो रुग्ण आपल्या दवाखान्याचा नव्हे. त्याच्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. येथे एक गोष्ट मनात पक्की ठेवावी : असा रुग्ण रक्त कमी होऊन मरतो त्यापेक्षा अधिक वेळा रक्ताने श्वासमार्ग भरून गुदमरून मरतो. मोठ्या श्वासनलिकांची एकूण पोकळी सुमारे 150 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाएवढी. ती भरण्यास वेळ लागत नाही. प्राणवह स्रोतसाचा अवरोध तो हाच. रुग्णवाहिका येईपर्यंत ज्या बाजूच्या फुप्फुसातून रक्त येत असल्याची शंका असेल ती बाजू खाली करून कुशीवर निजवावे, म्हणजे चांगले फुप्फुस वाचते. बाजू कळत नसेल तर बसते ठेवावे. उताणे निजवू नये, तोंडाने काढा पाजू नये.

याच ठिकाणी रक्तपित्तातील एका सूत्राचा विपर्यास होताना दिसतो. आरंभी रक्त रोखू नये, दुष्ट रक्त वाहू द्यावे, असे आपण शिकलो आहोत. ते सूत्र बलवान, अन्न नीट घेणाऱ्या, बहुदोष रुग्णासाठी आहे. ज्याचे बल आणि मांस क्षीण झाले आहे, जो शोकाने, ओझ्याने, वाटचालीने कृश झाला आहे, त्याची व्यवस्था ग्रंथाने निराळी सांगितली आहे. आपल्याकडे रक्त टाकत येणारा मजूर या दुसऱ्या वर्गातील असतो. 'वाहू द्या' असे त्याला सांगून घरी पाठविणे म्हणजे सूत्राचा पूर्वार्ध पाठ करून उत्तरार्ध विसरणे.

तिसरा प्रश्न कारणाचा, आणि येथे परभणीची माती विचारात घेतलीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात खोकल्यातून रक्त म्हटले की प्रथम क्षयरोगाचा विचार करावा, याविषयी दुमत नसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 साली भारतात लाखामागे 195 नवे क्षयरुग्ण होते. 2015 साली हा आकडा 237 होता. घट खरी आहे, पण 2025 पर्यंत देश क्षयमुक्त करण्याचे ठरविलेले उद्दिष्ट गाठता आले नाही, हेही खरे आहे. परंतु क्षयाचा विचार प्रथम करावा याचा अर्थ तेवढाच करावा असा नव्हे.

ज्याने दहा वर्षांपूर्वी क्षयाचे उपचार पूर्ण केले, त्याच्या फुप्फुसात खड्डे व फाटक्या, रुंदावलेल्या श्वासनलिका शिल्लक राहतात. सकाळी पेलाभर बेडका, कुशी बदलली की खोकला आणि मधूनमधून रक्त हे त्याचे चित्र. जुन्या खड्ड्यात बुरशीचा गोळा वाढून भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णास 'पुन्हा टी.बी. झाला' असे गृहीत धरून जुनी औषधे परत चालू करणे ही चूक शहाणीसुरती माणसेही करतात. त्याचाही बेडका आधी तपासावा लागतो. तिशीतील बाई, दोन बाळंतपणे झालेली, जिना चढताना धाप लागते, रात्री उठून बसते आणि बेडका गुलाबी किंवा रक्ताळ येतो. तिच्या छातीवर हात ठेवावा, स्टेथोस्कोप लावावा. लहानपणच्या संधिवाताने हृदयाची मायट्रल झडप आकसलेली असू शकते. तिला क्षयाची औषधे किंवा वासावलेह दोन्ही निरुपयोगी. चाळिशी ओलांडलेला विडी ओढणारा, आवाज बसलेला, वजन उतरलेला, बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीप्रमाणे बाकलेली असा रुग्ण असेल तर कर्करोगाचा विचार पुढे ढकलू नये. हृदयविकारानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले लोक आता खेडोपाडी आहेत. त्यांना 'कोणत्या गोळ्या चालू आहेत' हे विचारल्यावाचून रक्तपित्ताचे निदान करू नये. आणि चार वर्षांचे मूल अचानक खोकू लागून एकाच बाजूने घुरघुरत असेल तर शेंगदाणा किंवा हरभरा श्वासनलिकेत गेला काय, हे आईला विचारावे.

जिनिंगच्या धुळीविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण त्या धुळीनेच माझी दिशाभूल केली. कापसाच्या धुळीने श्वासनलिका आवळतात. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती भरून येणे, आठवडा पुढे सरकेल तसे बरे वाटणे, हे त्याचे वैशिष्ट्य. वर्षे लोटली की कायमचा कास-श्वास जडतो. परंतु या धुळीने सहसा रक्त पडत नाही. म्हणून जिनिंग कामगाराच्या बेडक्यात रक्त दिसले की धुळीला दोष देऊन मोकळे होण्याऐवजी अधिक सावध व्हावे. चुलीच्या धुराने ज्या बायकांची छाती आयुष्यभर घरघरते त्यांनाही हेच लागू. दगड फोडणाऱ्या व क्रशरवरील मजुरांची गोष्ट निराळी आहे. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुस कडक होते आणि अशा फुप्फुसात क्षय सहज घर करतो. तेथे धूळ आणि जंतू ही दोन कारणे एकमेकांना साहाय्य करतात.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा आहे व तिच्यात वरील सर्व काही बसते. नखे पाहणे दर्शनात आले, मानेच्या गाठी चाचपणे स्पर्शनात आले. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कपडे सैल होणे, घरात आणखी कोणी खोकते काय, मधुमेह आहे काय, हे प्रश्नात आले. पण नाडीवर बोट ठेवून डोळे मिटण्यापूर्वी रुग्णाचा सदरा उतरवून छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात काय, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? गर्दीच्या वेळी मीही पाहत नसे.

यापुढे बेडक्याच्या तपासणीचा मुद्दा येतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर तपासणी, आणि रक्त असेल तर एका दिवसाच्या खोकल्यातही तपासणी, हा नियम करून टाकावा. दोन नमुने द्यावयाचे : एक त्याच वेळी, दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा. चूळ भरून, मोकळ्या हवेत, तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीच्या तळातून काढलेला बेडका हवा. नुसती लाळ दिली तर अहवाल 'जंतू नाहीत' असा येतो आणि त्या कागदावर विसंबून रुग्ण, आपण आणि घरचे सगळे निर्धास्त होतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यास दर मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबी-नॅट यंत्र सव्वाशे-दीडशेवरही पकडते आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात की नाही हेही सुमारे दोन तासांत सांगते. शासकीय यंत्रणेत ही तपासणी विनामूल्य आहे. सोबत छातीचा एक्स-रे, रक्तशर्करा आणि एच.आय.व्ही. या चाचण्या व्हाव्यात.

मग आपण पाठवीत का नाही? याचे खरे उत्तर परिषदांत कोणी देत नाही. रुग्ण एकदा सरकारी दवाखान्यात गेला की परत येत नाही, ही भीती. 'टी.बी.' हा शब्द उच्चारला तर तो चिडून दुसऱ्या वैद्याकडे जाईल आणि तो वैद्य 'काही नाही, छातीत उष्णता आहे' असे सांगून त्याला ठेवून घेईल, ही दुसरी भीती. लग्नाच्या मुलीचे नाव नोंदवहीत नको, असा बापाचा आग्रह ही तिसरी अडचण. या भीती खोट्या नाहीत. मी स्वतः काही कुटुंबे अशी गमावली आहेत. पण उलट अनुभवही आहे. ज्याला मी नमुन्याची डबी देऊन, 'आधी हे पाहून घेऊ, मग औषधाचे बोलू, औषध कोणतेही लागले तरी तुमचे पथ्यपाणी माझ्याकडे' असे सांगितले, तो बहुधा परत आला. रुग्णाला टाकून दिल्यासारखे वाटू न देता पाठविणे, हे चिकित्सेचेच एक अंग आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. क्षयरुग्णाची शासनाला सूचना देणे मे 2012 पासून आवश्यक आहे. मार्च 2018 च्या अधिसूचनेने व्यवसायी, प्रयोगशाळा व औषध विक्रेते या सर्वांवर ती जबाबदारी टाकली आणि न केल्यास भारतीय दंड संहितेच्या 269 व 270 या कलमांचा आधार घेतला. जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेची 271 व 272 ही कलमे आली आहेत. 'आम्ही क्षयाची औषधे लिहीतच नाही' ही सबब पुरेशी नाही.

औषधी दुकानदार बंधूंना येथेच एक विनंती. खोकल्याचा रुग्ण आपल्यापूर्वी तुमच्याकडे येतो. काउंटरवर उभा राहून 'चांगलं औषध द्या' म्हणतो आणि बाटली घेऊन जातो. तिसऱ्यांदा तीच बाटली न्यावयास आलेला माणूस हा निव्वळ गिऱ्हाईक नाही, तो तपासणीचा रुग्ण आहे. लिव्होफ्लॉक्सासिन चिठ्ठीविना देणे तर सर्वांत घातक. हे औषध क्षयजंतूंना अंशतः दाबते, ताप उतरतो, बेडका स्वच्छ दिसतो, निदान महिनाभर लांबते आणि जंतू त्या औषधाला निगरगट्ट होण्याची शक्यता निर्माण होते. मार्च 2014 पासून हे औषध तसेच क्षयाची औषधे अनुसूची एच-1 मध्ये आहेत. त्यांची नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांविषयीही तेच. त्या दोन दिवस भूक वाढवितात, धाप कमी करतात आणि आतील क्षय पसरवितात.

आता उसाच्या फडाकडे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो. आश्विनात रक्त पडलेल्या माणसाचा संपूर्ण उपचारकाळ म्हणजे त्याचा संपूर्ण कारखान्याचा हंगाम. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता मोडला तर ती फेडावी लागते, म्हणून नवरा आजारी असला तरी जोडी निघते. पाचटाच्या खोपीत पाच माणसे एका दमटीत झोपतात. अशा माणसाला आपण सप्टेंबरात 'दोन आठवडे औषध घेऊन पाहू' असे म्हटले, की तो दोन आठवड्यांनी आपल्या समोर नसतोच, तो कोल्हापूर किंवा बेळगाव भागातील एखाद्या फडात असतो. त्याच्या बाबतीत पहिली भेट हीच शेवटची भेट समजून नमुना त्याच दिवशी घेतला पाहिजे. निदान झाल्यास 'निक्षय' प्रणालीतील त्याच्या क्रमांकावर औषधे दुसऱ्या जिल्ह्यातही मिळतात, आणि उपचारकाळात पोषणासाठी दरमहा 500 रुपये मिळत ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले आहेत, हे त्याला कागदावर लिहून द्यावे. मुकादमाला दाखविण्यासाठी कागद उपयोगी पडतो.

मग आयुर्वेदाचे कार्य काय उरले, असे कोणी विचारील. पुष्कळ उरले. औषधांनी जंतू मरतात, परंतु भूक मेलेली, मांस उतरलेले, यकृतावर ताण आलेला माणूस सहा महिने उभा ठेवणे हे अग्नी, आहार व रसायन यांचे क्षेत्र आहे. जुन्या श्वासनलिकाविस्फारात, धुळीच्या कासात, क्षयोत्तर दौर्बल्यात आपल्याकडे देण्यासारखे बरेच आहे. अडुळशाविषयी अभिमान बाळगावा. ब्रोमहेक्सिन हे जगभर वापरले जाणारे कफ पातळ करणारे औषध त्यातील व्हॅसिसिन या घटकावरूनच घडविले गेले. मात्र तोच घटक गर्भाशयाचे आकुंचन करतो, म्हणून गर्भिणीस अडुळसा देताना हात आखडावा. पिंपळीचेही तसेच. तिच्यातील पायपरीन रिफाम्पिसिनचे शोषण वाढविते, हे ओळखून जम्मू येथील शासकीय संशोधन संस्थेच्या कार्यातून रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅमवर आणणारे संयुक्त औषध बाजारात आले. आपल्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की क्षयाच्या गोळ्या चालू असताना दिलेली पिंपळी हे निरुपद्रवी अनुपान नव्हे. रुग्ण काय काय घेतो हे दोन्ही बाजूंच्या चिकित्सकांना माहीत असावे.

थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला राजयक्ष्म्याने गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. 1886 साली अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात याच व्याधीने गेल्या, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कॉख यांनी जंतू दाखवून तेव्हा पाच वर्षे झाली होती, औषध मात्र जगात कोठेच नव्हते. त्या दोघांच्या चिकित्सकांपुढे पर्याय नव्हता, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या टेबलापासून तपासणी केंद्र एका बसच्या अंतरावर आहे.

संघटनेने या त्रैमासिकाच्या सभासदांसाठी एक साधी गोष्ट करावी, अशी माझी सूचना आहे. नमुन्याच्या डब्या जिल्हा क्षयरोग केंद्रातून एकत्र मागवून नवही तालुक्यांतील सभासदांकडे व इच्छुक औषधी दुकानांत ठेवाव्यात, प्रत्येक तालुक्यातील तपासणी केंद्राचे नाव व वेळ एका कार्डावर छापावी आणि हे काम दसऱ्याच्या आत व्हावे. माझ्या टेबलाच्या खणात सध्या सहा डब्या आहेत. जिंतूर रस्त्यावरील एका दुकानदाराने परवा त्यातील दोन मागून नेल्या.